साचेबाईंची साफसफाई

साचेबाईंनी साचा साफ करायला घेतला तेव्हा कुणाचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनातसुद्धा नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढे जे झालं ते ऐकून लोक चटकन म्हणतात, बाईच बेफिकीर असणार. बेफिकीर? अहो, या बाई घरातून निघताना गॅस बंद आहे का हे तीनदा बघायच्या आणि तरी कोपऱ्यावरून एकदा परत यायच्या. ऑफिसात त्यांच्या टेबलावरच्या पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या असत. काळजी करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि घात झाला तो त्या काळजीखोर हातांनीच.

कंपनी डायलिसिसची यंत्रं बनवायची. ज्यांची मूत्रपिंडं थकली त्यांचं रक्त नळीने बाहेर काढायचं, गाळायचं आणि दुसऱ्या नळीने परत अंगात सोडायचं, असं ते यंत्र. बाईंचं खातं तिसऱ्या मजल्यावर होतं. खोलीबाहेर एक चाचणीचं यंत्र ठेवलेलं असे. त्याच्या नळ्यांतून लाल रंगाचं पाणी दिवसभर फिरत राही आणि पाहुणे आले की त्यांना ते आधी दाखवत.

आता बाईंचं काम नेमकं काय, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांच्या खात्यात यंत्राचा प्रोग्राम कुणी हाताने लिहीत नसे. चित्रं काढत. हा पंप, ही नळी, हा सेन्सर, इथून तिथे बाण. या चित्रांना मॉडेल म्हणत. मॉडेल एका जनरेटरमध्ये घातलं की पलीकडून प्रोग्राम बाहेर पडे. सगळे त्याला गिरणी म्हणत, कारण वरून घालायचं आणि खालून पीठ घ्यायचं, मधे हात घालायचा नाही. आणि चित्रात कोणकोणते चौकोन काढता येतात, कोणता कुणाला जोडता येतो, हे ठरवणारं चित्रांच्या वरचं जे एक चित्र, ते मेटामॉडेल. बाई त्याला साच्यांचा साचा म्हणत. एकोणीस वर्षं त्यांनी तो सांभाळला होता, म्हणून त्या साचेबाई. खरं नाव पगाराच्या पावतीवर होतं, तिथेच राहिलं.

एकोणीस वर्षांत साच्याचं पार गाठोडं झालं होतं. चारशे सोळा चौकोन. त्यात पंप होता, जुना पंप होता, पंप दोन होता, आणि पंप दोन नवा हाही होता. कुणी घाईत घातलेलं, कुणी हौसेने घातलेलं, कुणी नोकरी सोडताना तसंच टाकून गेलेलं. नवीन माणूस आला की त्याला साचा समजायला सहा महिने जात आणि सातव्या महिन्यात तो दुसरीकडे नोकरी धरे. शेवटी मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं की रिफॅक्टरिंग करा. म्हणजे आतली मांडणी बदला, पण यंत्राच्या वागण्यात केसभरही फरक पडता कामा नये.

बाईंना आनंद झाला. खोटं कशाला बोला, त्यांना या कामाची पहिल्यापासून हौस होती. रोज सकाळी आठला येऊन त्या एकेक गाठ सोडवत. दोन चौकोनांत तेच ते लिहिलंय? मग ते उचलून वरच्या चौकोनात घाला आणि दोघांना त्याची लेकरं करा. हा चौकोन कुणीच वापरत नाही? काढा. या नावाचा अर्थ कुणालाच लागत नाही? बदला. साच्यात काही हललं की जुनी चित्रं त्यात बसेनाशी होतात, म्हणून दर पावलाला अकराशे चाळीस चित्रं नव्या साच्यात आणून बसवावी लागत. तेही बाईंनी छोटे छोटे प्रोग्राम लिहून करवलं. सात महिन्यांत चारशे सोळाचे एकशे नव्वद झाले. साहेब म्हणाले, "साचेबाई, घर सारवल्यासारखं दिसतंय." त्या दिवशी बाई घरी जाताना बसमध्ये एकट्याच हसत होत्या.

या सगळ्यात दोन चौकोन होते, इशारा आणि अटकाव. दोघांत तीच चार कलमं: नाव, मर्यादा, आवाज, पडद्यावरचा मजकूर. फरक फक्त वागण्यात. इशारा वाजला की यंत्र थांबे, आणि कारण मिटलं की आपोआप पुन्हा चालू होई. रुग्णाने हात वाकवला, नळी दुमडली, हात सरळ केला, चालू. अटकाव तसा नव्हता. अटकाव वाजला की यंत्र थांबलं ते थांबलं. कारण मिटो न मिटो, सिस्टरने येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघून बटण दाबेपर्यंत ते हलणार नाही. बाईंनी दोन्ही चौकोन एक केले आणि त्यात एक कलम वाढवलं: माणसाची वाट बघ, हो किंवा नाही. जुना अटकाव असेल तर हो, इशारा असेल तर नाही. सरळ हिशेब. कुणीही शहाण्याने हेच केलं असतं.

मग चाचण्या. हजारो चाचण्या झाल्या आणि सगळ्या पास. पण गंमत बघा, त्या चाचण्याही गिरणीतूनच निघत, त्याच चित्रांवरून. चित्रात जे आहे ते प्रोग्राम करतो का, एवढंच त्या विचारत. चित्रच चुकलं असेल तर प्रश्न आणि उत्तर दोन्ही सारखेच चुकणार आणि दोघांची छान गट्टी जमणार. हे बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. एक हाताची चाचणीही होती, बाहेरच्या यंत्राच्या नळीत सिरिंजने हवा सोडून बघण्याची. कंपनीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर ज्यांची सही लागे, त्या सहीवाल्या मॅडमनी विचारलंही होतं, "सिरिंजची चाचणी लावायची का?"

बाई म्हणाल्या, "कशाला? वागणूक बदललीच नाहीये, फक्त मांडणी बदललीये."

मॅडमनी सही केली.

आता घरचं. बाईंच्या यजमानांनी आयुष्यभर विजेचे मीटर वाचले. घरोघर, जिने चढून, कुत्री चुकवून. शहरातली कुठली गल्ली कुठे निघते हे झोपेत विचारलं तरी सांगतील असा माणूस. तीन वर्षांपूर्वी त्यांची मूत्रपिंडं थकली, आणि ज्याच्या पायाला भिंगरी होती तो माणूस मंगळवार, गुरुवार, शनिवार चार चार तास एका खुर्चीला जखडला गेला. खुर्ची नंबर पाच. यंत्र बायकोच्या कंपनीचं. ते सगळ्यांना सांगत, "घरी हिचं ऐकतो, इथे हिच्या यंत्राचं ऐकतो. सुटका नाही."

सहा नंबरवर शिंपीकाका बसत. साठीचे, बारीक अंगाचे, बोलायला मोकळे. माणूस दारातून आत आला की त्याची मापं डोळ्यांनीच घेत. डायलिसिसने यजमानांचं वजन उतरलं तेव्हा काकांनी न सांगता त्यांच्या तीन पँटी कमरेत घेऊन दिल्या आणि शिलाई विचारली तर रागावले. बाईंना ते वहिनी म्हणत. "वहिनी, यंत्राला सांगून ठेवा, हा गरीब माणूस आहे, जरा अर्धा तास लवकर सोडत जा." त्यांची लेक बँकेत होती, ती दुपारी जेवणाच्या सुटीत न्यायला येई.

नवा प्रोग्राम सगळीकडे पाठवण्याआधी कुठल्यातरी एका केंद्रात आठ आठवडे चालवून बघायचा असा नियम होता. केंद्र कोणतं? बाईंनीच सुचवलं, हे घ्या. ऑफिसपासून दहा मिनिटांवर, बारा खुर्च्या, ओळखीच्या सिस्टर, आणि आपलं माणूस तिथे बसतं म्हणजे बारीकसारीक कळत राहील. रुग्णांच्या संमतीचे कागद घेऊन त्या स्वतः गेल्या. काकांनी न वाचता पहिली सही ठोकली. म्हणाले, "वहिनींचं आहे ना? मग वाचायचं काय त्यात."

सोमवारी बाराही यंत्रांवर नवा प्रोग्राम चढला.

मंगळवारी बाई ऑफिसातून घरी आल्या तेव्हा यजमान खुशीत होते. चहा घेताना म्हणाले, "अगं, तुझं यंत्र शहाणं झालंय. पूर्वी वाजलं की सिस्टर येईपर्यंत बोंबलत बसायचं. आता वाजतं आणि आपलं आपण गप्प होतं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, पाय दुखायचे कमी झाले."

बाईंनी कप खाली ठेवला. "काय वाजलं होतं?"

"मला काय कळतंय? वाजलं आणि गप्प झालं."

"पडद्यावर काही आलं असेल ना."

"अगं, मी पडदा बघतो का? माझा डोळा लागला होता." ते हसले. "चांगलं सांगायला जावं तर ही उलटतपासणी."

नळी दुमडली असेल, बाईंनी स्वतःला सांगितलं. पण जेवताना त्यांचं लक्ष नव्हतं, भाजीत मीठ नाही हे यजमानांनी सांगितल्यावर कळलं. मनात काहीतरी खुपत होतं आणि ते काय हे सापडत नव्हतं.

बुधवारी केंद्राचा पहिला अभिप्राय आला. 'आवाज कमी झाला आहे. कर्मचारी समाधानी.' साहेबांनी तो सगळ्यांना पाठवला आणि खाली अभिनंदन लिहिलं. बाईंनी तो चार वेळा वाचला. आवाज कमी का व्हावा? वागणूक बदललेली नाही तर आवाज तेवढाच असायला हवा. कमी झाला तरी ती बदललीच की. एवढी साधी गोष्ट. त्या उठल्या, साहेबांच्या दारापर्यंत गेल्या. आत पाहुणे बसले होते, हसण्याचा आवाज येत होता. सात महिन्यांचं काम, सगळ्या चाचण्या पास, आणि आपण काय सांगणार, की लोक समाधानी आहेत म्हणून भीती वाटते? त्या परत जागेवर येऊन बसल्या. संध्याकाळी घरी निघताना गॅसचं आठवावं तसं ते पुन्हा आठवलं, आणि त्यांनी डोक्यातून काढून टाकलं. आयुष्यात एकदाच त्या कोपऱ्यावरून परत फिरल्या नाहीत, आणि नेमक्या तेव्हाच.

गुरुवारी सकाळी साडेदहाला फोन वाजला. यजमान खुर्चीवरून बोलत होते.

"काल... नाही, परवा तू विचारत होतीस ना, काय वाजलं म्हणून. आज मी मुद्दाम जागा राहिलो. बुडबुडा होता गं. परतीच्या नळीत. वाटाण्याएवढा असेल. यंत्र वाजलं, थांबलं, बुडबुडा जरा पुढे सरकला, आणि लागलं की सुरू आपोआप. आहे की नाही शहाणं?"

परतीची नळी म्हणजे थेट माणसाच्या रक्तात जाणारी. हवेचा सेन्सर तिथे बसवलेला असतो तो एवढ्याचसाठी, की हवा दिसली की सगळं बंद आणि माणूस येऊन बघेपर्यंत बंदच.

"बुडबुडा कुठे गेला?"

"गेला असेल कुठेतरी. लहान होता. मी ठणठणीत आहे."

"हात हलवू नका," एवढंच बोलून बाईंनी फोन ठेवला.

त्यांनी गिरणीतून निघालेला प्रोग्राम उघडला. हवेचा सेन्सर. माणसाची वाट बघ: नाही. त्यांनी नव्या साच्यातलं चित्र उघडलं. तिथेही नाही. मग सात महिन्यांपूर्वीची जुनी प्रत काढली, आणि त्यातला हवेचा चौकोन शोधला. तो अटकाव नव्हताच. तो इशारा होता, आणि त्याच्या नावाच्या आधी एक चांदणी होती, ती छोटी, टंकलेखनात असते तसली.

चांदणी बघताच सगळं आठवलं. एकोणीस वर्षांपूर्वी, नोकरीचा पहिला महिना. तेव्हाच्या साच्यात अटकाव फक्त पंपाला जोडता येई, नळीला नाही. हवेचा सेन्सर नळीवर. साचा बदलायचा तर तीन आठवड्यांच्या मंजुऱ्या, आणि यंत्र दोन दिवसांत पाठवायचं होतं. मग नव्याने लागलेल्या एका मुलीने युक्ती काढली. चौकोन इशाऱ्याचाच काढायचा, नावाआधी चांदणी लावायची, आणि गिरणीत एक ओळ घालायची: चांदणी दिसली तर अटकाव समज. तात्पुरतं, पुढच्या महिन्यात साचा नीट करू. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. पुढचा महिना कधी आला नाही. चित्राच्या कोपऱ्यात त्या मुलीची आद्याक्षरं होती, आणि ती बाईंचीच.

मग चांदणी गेली कुठे? तीही बाईंनीच काढली. नव्या साच्यात नावं स्वच्छ हवीत, फक्त अक्षरं आणि आकडे. जुन्या नावांत लोकांनी रेघा, टिंबं, हसरे चेहरे काय काय घालून ठेवलं होतं. बाईंनी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि अकराशे चाळीस चित्रांतला तो सगळा केर एका फटक्यात काढला. त्या दिवशी फार समाधान वाटलं होतं. गिरणीतली ती ओळ अजून तिथेच होती, कधीच न येणाऱ्या चांदणीची वाट बघत.

बारा यंत्रं चालू होती. घड्याळात दहा एकेचाळीस.

नियम असा होता की कंपनीच्या कुणीही केंद्राला परस्पर फोन करून यंत्रं थांबवायला सांगायचं नाही. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी घाबरून तसं केलं होतं, कारण खोटं निघालं, आणि एका केंद्रातल्या सगळ्यांचं डायलिसिस चुकून दोघांना दवाखान्यात भरती करावं लागलं. तेव्हापासून थांबवा-पत्र, त्यावर कारण, पुरावा आणि मॅडमची सही. बाईंनी आयुष्यात नियम मोडला नव्हता. पण घरचा फोन करायला नियम कशाला आड येतो? त्यांनी मोठ्या सिस्टरना फोन लावला.

"सिस्टर, मी पाच नंबरची बायको बोलतेय. यांचा पंप आत्ता थांबवा आणि यांना काढा."

"अहो, अजून दीड तास आहे. काय झालं?"

बाईंच्या तोंडून निघून गेलं, "घरी अडचण आहे."

"कुणाला काही..."

"हो. आत्ताच्या आत्ता काढा. त्यांना मी नंतर सांगते."

"बरं, बरं. घाबरू नका तुम्ही."

फोन ठेवल्यावर बाईंनी श्वास सोडला. हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं, की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. मग त्यांनी पत्राचा नमुना उघडला. कारण लिहिलं. पुरावा म्हणून जुनं चित्र, नवं चित्र, प्रोग्रामची ओळ जोडली. छापलं. जिन्याने चौथा मजला. मॅडम बैठकीत होत्या, दारावर थांबवलं. बाईंनी दार ढकललं. मॅडमनी वाचलं, पहिल्या ओळीनंतर बसायला सांगितलं, दुसरीनंतर स्वतः उठून उभ्या राहिल्या. "नक्की?" एवढंच विचारलं आणि सही केली. दहा बावन्नला बाईंनी त्यांच्याच टेबलावरून फोन लावला. "कंपनीतर्फे बोलतेय. सगळी यंत्रं थांबवा. सगळी."

मधल्या वेळात केंद्रात काय चाललं होतं ते यजमानांनी पाहिलं. मोठ्या सिस्टरनी त्यांचा पंप थांबवला, सुया काढल्या. सुया काढल्या की जागा दहा मिनिटं दाबून धरावी लागते. एरवी यजमान ती स्वतःच दाबून धरत, पण घरी काय झालं असेल या धास्तीने त्यांचा हात इतका कापत होता की कापूस जागेवर राहीना. लेकाला काही झालं की सासूबाईंना, हेच ते विचारत होते. मग सिस्टरच हात धरून बसल्या. दुसऱ्या सिस्टर पार त्या टोकाला एका आजींचं वजन करत होत्या.

सहा नंबर वाजलं. काका नेहमीप्रमाणे झोपले होते. सिस्टरनी मान वळवून बघितलं, तोवर यंत्र गप्प झालं आणि हिरवा दिवा लागला. दोन मिनिटांनी पुन्हा वाजलं, पुन्हा गप्प. नळीचा एक जोड सैल झाला होता आणि आत फेस होत होता, फेस सरकला की सेन्सरला नळी स्वच्छ दिसे. तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा सिस्टर उठायला लागल्या, पण यजमानांच्या हातातून रक्त आलं म्हणून पुन्हा बसल्या. आणि तेवढ्यात ते गप्पही झालं. सोमवारपासून होतच होतं तसं. मग दुसरा फोन आला. सिस्टर एकेक यंत्र बंद करत सहाशी पोचल्या तेव्हा काकांचे ओठ निळे पडले होते.

मोठ्या रुग्णालयात नेलं. दुपारी चारला गेले.

कंपनीत बाईंचं कौतुक झालं, हे ऐकून कुणाला विचित्र वाटेल, पण झालं. हा प्रोग्राम पुढे साडेतीनशे केंद्रांत जाणार होता. बाईंनी अंतर्गत चौकशीत स्वतःची चांदणी, स्वतःचा चार ओळींचा प्रोग्राम, सिरिंजची टाळलेली चाचणी, सगळं कबूल केलं. मॅडम म्हणाल्या, सही माझीही आहे. अहवालात लिहिलं गेलं: दोष दहा वाजून बावन्न मिनिटांनी लक्षात आला आणि तत्काळ कळवण्यात आला. आधीच्या फोनचं कुणी विचारलं नाही. सिस्टरनी तो घरगुती म्हणून नोंदवला नव्हता. बाईंनी अहवाल वाचला, खाली सही केली.

घरी यजमान खिडकीशी बसून होते. दोन दिवस धड बोलले नव्हते. शुक्रवारी रात्रीचं जेवण तसंच ठेवून त्यांनी विचारलं, "मला काढायला सांगितलंस तेव्हा तुला कळलं होतं?"

"हो."

"पक्कं?"

"पक्कं."

"मग सगळ्यांचंच का नाही सांगितलंस?"

"सही नव्हती माझ्याकडे. सहीशिवाय सांगता येत नाही."

यजमानांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "माझ्यासाठी कुठे लागली गं सही?"

बाईंनी ताटं उचलली.

शनिवारी यंत्रांवर जुना प्रोग्राम परत चढवलेला होता. यजमान जायला तयार नव्हते. "त्या खुर्चीशेजारी मी बसायचं कसं?" पण न जाऊन चालत नाही, अंगात विष साठतं. बाई त्यांना हाताला धरून घेऊन गेल्या. सहा नंबर रिकामी होती. खुर्चीवर काकांची शाल घडी करून ठेवलेली होती आणि ती न्यायला त्यांची लेक आली होती. तिने बाईंना बघितलं आणि जवळ आली. डोळे सुजलेले, केस कसेबसे बांधलेले.

"काकू, तुमच्याकडे यायचंच होतं मला." तिने बाईंचे दोन्ही हात धरले. "सिस्टरनी सांगितलं, तुमच्या लक्षात आलं म्हणून बाकीचे वाचले. बाबांचं नशीब तेवढं नव्हतं. पण ते नेहमी म्हणायचे, वहिनींचं यंत्र आहे, आपल्याला भ्यायचं कारण नाही. तुम्ही लगेच फोन केलात, तुमचे उपकार आहेत."

पाच नंबरवर यजमान बसले होते. मोठ्या सिस्टर सुई टोचत होत्या, पण यजमान सुईकडे न बघता बायकोकडे बघत होते. बाईंनी हात सोडवून घेतले नाहीत.

"मी दोन फोन केले," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"पहिला फक्त यांच्यासाठी केला. घरी अडचण आहे असं खोटं सांगून. तुझ्या बाबांसाठी दुसरा केला, नंतर."

मोठ्या सिस्टरचा हात थांबला. लेकीने बाईंचे हात धरलेलेच होते, ते सोडायचं तिच्या लक्षात आलं नाही. ती समजून घेत होती, आणि समजायला वेळ लागत होता.

"नंतर म्हणजे किती वेळाने?" तिने विचारलं.

"अकरा मिनिटांनी," बाई म्हणाल्या.